विद्युल्लताबाईंचा एरंड

ज्या आईबापांनी मुलीचं नाव विद्युल्लता ठेवलं, त्यांनी तिला निदान पालीला भिणार नाही इतकं तरी धीट करायला हवं होतं. बाई आमच्या देवासच्या हिंदी शाळेत विज्ञान शिकवतात आणि जगातल्या यच्चयावत गोष्टींना घाबरतात. वर्गातला पंखा करकरला की मुलांना भिंतीकडे सरकवतात. स्कूटरवर मागे बसल्या की चालवणाऱ्याचा खांदा काळानिळा पडतो. तो खांदा माझाच. मी गणिताचा मास्तर, त्यांच्याच गल्लीत राहतो, आणि शाळेत सगळे मला बळवंतराव म्हणतात.

अशा बाईंनी शाळेत बाग केली, तीही भीतीपोटीच. बाजारच्या भाजीवर काय काय फवारतात हे त्यांनी कुठेतरी वाचलं आणि मुलांच्या ताटातला पालकही त्यांना विषासारखा दिसू लागला. शाळेमागची तुटक्या बाकांची आणि प्लास्टिकची जागा त्यांनी मुलांना घेऊन साफ केली. मध्यान्ह भोजनाचे तांदूळ धुतलेलं पाणी वाफ्यांकडे वळवलं, सालींचं खत केलं. दोन वर्षांत भोजनाची बरीचशी भाजी तिथूनच येऊ लागली. मग त्या माझ्या मागे लागल्या. क्षेत्रफळ फळ्यावर कशाला, वांग्याच्या वाफ्यात शिकवा, म्हणाल्या. पँट मळते म्हणून मी पुष्कळ कुरकुर केली, पण ज्या पोरांना वर्षभर लांबी-रुंदी कळली नव्हती त्यांना ती तिथे कळली, हे कबूल करायला हवं.

फवारणी नको म्हणून बाईंनी कुंपणाच्या कडेनं एरंड लावला. अळ्या एरंडावर जातात आणि भाजी वाचते, असं त्यांना एका प्रशिक्षणात सांगितलं होतं. एरंड वाढला आणि बाईंची झोप उडाली, कारण त्याच्या बिया विषारी. लहान मुलानं चावून खाल्ल्या तर जिवावर बेतू शकतं. बाईंनी बुंध्याभोवती बाभळीच्या फांद्या रोवल्या, दिसतील ती बोंडं स्वतः तोडून टाकायच्या आणि बाहेरचा वर्ग भरण्याआधी रोज बजावायच्या, अरंडी को कोई हाथ नहीं लगाएगा. मुलं प्रार्थनेच्या चालीवर हो म्हणायची.

त्या वर्षी चौथीत मोना नावाची नवी मुलगी आली. आईबाप लोहारदा गावाकडचे, देवासला बांधकामावर मजुरी करायला आलेले. घरात मालवी बोली, त्यामुळे वर्गात ती गप्प असायची. वाफ्यात शिरली की मात्र तिला राहवत नसे. मटार, मुळा, जे हाताला लागेल ते मातीसकट तोंडात. बाई पाण्याचा तांब्या घेऊन तिच्या मागे मागे फिरायच्या.

एके दिवशी सकाळच्या तासाला मुलं माझ्यासाठी वाफे मोजत होती आणि बाई टोमॅटोला काठ्या बांधत होत्या. तेवढ्यात नीतू नावाची मुलगी धावत आली.

"मैडम, मोना ने एरण खा ली."

मलाही एरंडच ऐकू आलं. मोना कुंपणापाशी उभी होती, हात चिकट, आणि तिच्या पायाशी एरंडाची वाळलेली बोंडं फुटून पडली होती. अरंडी खाई क्या, बाईंनी विचारलं. पोरीनं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं. तो चेहरा मीही पाहिला, पांढराफटक पडला होता. मोनानं मान डोलावली, दोन बोटं दाखवली आणि तोंड मिटलं ते मिटलंच.

मी स्कूटर काढली. बाईंनी मोनाला मध्ये धरलं आणि आम्ही जवळच्या दवाखान्यात पोचलो. तिथला तरुण डॉक्टर बाहेरगावचा होता. त्यानं विचारलं, मोनानं परत मान डोलावली. मग नळी घालून तिचं पोट धुतलं. पोर ओरडली नाही, नुसती बाईंचा पदर मुठीत धरून राहिली. बिया निघाल्या नाहीत, म्हणून माझ्या जिवात जीव आला, तर डॉक्टर म्हणाला की त्या पुढे सरकल्या असतील, आणि हे विष काही तास कळतच नाही.

"शाम तक कुछ नहीं हुआ, तो समझिए खतरा टला."

मग वाट पाहणं. ते कोणा वैऱ्यावरही येऊ नये. नर्स मधून मधून यायची, मोनाचं पोट दाबायची, "दुखता है?" म्हणून विचारायची. मोना मानेनं नाही म्हणायची, आणि ते खरं की भीतीनं, हे आम्हाला कळायचं नाही. तिच्या आईबापाला शोधायला शिपाई गेला होता, पण ठेकेदारानं त्यांना दुसऱ्याच कामावर नेलं होतं. आई आली तर तिला काय सांगायचं, या विचारानं माझी पाचावर धारण बसली होती. हेडमास्तर मानसिंगरावांचे फोनवर फोन येत होते. बाग बंद, फाटकाला कुलूप, उद्यापासून कोणी वर्गाबाहेर पाऊल टाकायचं नाही. बाई प्रत्येक गोष्टीला हो म्हणत होत्या.

दुपारी मोनाला एक उचकी आली. नुसती उचकी. बाईंनी माझा हात इतका घट्ट धरला की त्यांची नखं रुतली. काही होणार नाही, मी म्हणालो.

"बळवंतराव, तो एरंड मी लावलाय. माझ्या हातांनी."



ऊन कलल्यावर मोनाची आई धापा टाकत आली, हातांवर सिमेंट तसंच. तिला पाहिलं आणि मोनाला हुंदका फुटला. सकाळपासून ती पहिल्यांदा बोलली.

"म्हने तो एरण काकडी खई थी."

आईनं आधी डॉक्टरकडे पाहिलं, मग बाईंकडे. तिला काहीच उमगेना. "बेनजी, एरण काकडी तो पपीतो है," ती म्हणाली.

तिच्या गावाकडे पपईला एरण काकडी म्हणतात. आम्ही पिढ्यान्पिढ्या माळव्यात राहिलेली माणसं, घरात पपई म्हणतो, वर्गात पपीता म्हणतो, आणि हा शब्द आमच्या कानावरून कधी गेला नव्हता. भोजनासाठी बागेतून तोडून ठेवलेल्या पपईच्या दोन फोडी मोनानं कुंपणापाशी जाऊन गुपचूप खाल्ल्या होत्या. नीतूनं पाहिलं, काय खाल्लंस म्हणून विचारलं आणि ऐकलेल्या नावातला अर्धाच शब्द बाईंना येऊन सांगितला. चोरी पकडली गेली असं समजून खाल्लं का विचारलं की ती मान डोलवत राहिली. बोंडं उन्हानं आपोआप फुटली होती. मी इतका हसलो की डोळ्यांत पाणी आलं. बाई हसल्या नाहीत.

एरंड उपटला गेला आणि मानसिंगरावांनी कुलूपही काढलं. पण मुलं फाटकाच्या आत येईनात. ताटातली भाजी बाजूला सारू लागली. मोना तर मातीला पायही लावीना, व्हरांड्याच्या कडेला उभी राहायची. बाई मला म्हणाल्या, दोन वर्षं मी यांना मातीत हात घालायला शिकवलं आणि एका दिवसात माझी भीती त्यांना वाटून टाकली. त्यांना रडू येत होतं आणि त्यांनी ते लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी शेवटच्या तासाला त्यांनी मुलांना व्हरांड्यात बसवलं, बागेतली पपई चिरली आणि सगळ्यांसमोर एक फोड खाल्ली. पपईच आहे हे पुरतं ठाऊक असूनही त्यांनी ती आधी दोनदा उलटून पाहिली. दुसरी फोड त्यांनी मोनापुढे धरली. मोनानं हात मागे घेतले.

"पहले शाम होने दो, मैडम."

घंटा झाली, मुलं गेली. बाईंनी फोड ताटलीत झाकून ठेवली आणि पायरीवर बसल्या. मोनाही घरी गेली नाही, त्यांच्याकडे बघत बसली. मी लांब खांबाशी उभा होतो. थोड्या वेळानं ती उठली, बाईंच्या पोटावर आपला तळवा ठेवला आणि हळूच दाबला.

"दुखता है?"