अठराचा ट्रान्सफॉर्मर, पंचवीसचा कपॅसिटर

गेल्या वर्षी मार्चमध्ये, सकाळी अकराच्या सुमारास, उरणजवळच्या एका मच्छीमार सोसायटीच्या कार्यालयात वायरलेसचा पॉवर सप्लाय फुटला. कोणाला इजा झाली नाही. आठ बोटी समुद्रात होत्या. दुपारी चारपर्यंत किनाऱ्यावरून त्यांच्याशी बोलता आलं नाही. सप्लाय पनवेलच्या भाईंच्या दुकानातला होता. त्यातला फुटलेला कपॅसिटर मी बसवला होता.

भाई ट्रान्सफॉर्मर हाताने गुंडाळत. तारेचे वेढे मोजताना ते बोलत नसत, ऐकत मात्र सगळं. कोणी ‘भाई, जरा लवकर’ म्हणालं, तर वेढे संपल्यावर उत्तर येई, “लवकरचा माल समोरच्या दुकानात मिळतो.” कुवेतमध्ये वीस वर्षं काढून ते परतले होते. उरणच्या किनाऱ्यावरच्या बऱ्याच सोसायट्यांचे सप्लाय त्यांच्या हातचे होते आणि दुकान त्याच कामावर चाले.

मी वर्तमानपत्रातून निवृत्त होऊन नवीन पनवेलला राहायला आलो. एक बंद पडलेला रेडिओ घेऊन त्यांच्याकडे गेलो आणि मग रोज जाऊन हाताखाली काम शिकू लागलो. ते मला ‘संपादक’ म्हणत. मी उपसंपादक होतो, हे मी दोनदा सांगितलं. “ते ‘उप’ घरी ठेवून येत जा,” ते म्हणाले.

ट्रान्सफॉर्मर ते गरजेच्या दीडपट ताकदीचा बनवत. तासभर चालवून त्यावर तळहात ठेवत. कलमा म्हणून होईपर्यंत हात टिकला तर ट्रान्सफॉर्मर पास. आधी उचलावा लागला तर लहान पडला. मला म्हणाले, “तुम्ही रामरक्षा म्हणू नका. लांब आहे, हात भाजेल.”

कपॅसिटरबाबत त्यांना थट्टा चालत नसे. “अठराचा ट्रान्सफॉर्मर अठरा व्होल्ट सांगतो. पण लाटेच्या टोकाला कपॅसिटरला पंचवीस सोसावे लागतात. वरून लाईट चढली तर तीस. तो बिचारा तक्रार करत नाही, सरळ फुटतो.” म्हणून अठराच्या ट्रान्सफॉर्मरला ते पन्नास व्होल्टचाच कपॅसिटर लावत. हे मी वहीत लिहून घेतलं होतं. मनात मात्र अठराच्या ट्रान्सफॉर्मरला पंचवीसचा कपॅसिटर लावला तरी सातचं अंतर दिसे, आणि ते मला पुरेसं वाटे.

त्या सप्लायसाठी सोसायटीने लहान पेटी मागितली होती. पन्नासचा कपॅसिटर उंच, तो झाकणाला टेकत होता. दिवस शुक्रवारचा. नमाजला निघताना भाई म्हणाले, “आल्यावर आडवा बसवतो. थांबा.” ते गेले आणि सोसायटीचा माणूस आला. त्याला परतीची बस गाठायची होती. मी पन्नासचा काढला, पंचवीसचा लावला. झाकण नीट बसलं. झाकणाच्या आत, नेहमीप्रमाणे, भाईंच्या सहीची चिठ्ठी होती.

परत आल्यावर त्यांनी विचारलं, “दिला?”

“दिला.”

“आडवा बसला?”

“बसला.”

सप्लाय पाच महिने चालला. फुटल्यावर सोसायटीचे सेक्रेटरी तो गोणीत घालून घेऊन आले. त्यांनी झाकण उघडून चिठ्ठीवर बोट ठेवलं. “भाई, ही सही तुमचीच हाय ना? आमची पोरं पाण्यात होती, नि इथं आवाज नाय.”

भाईंनी फुटलेला कपॅसिटर उचलून त्यावरचा आकडा वाचला. मी शेजारीच स्टुलावर बसलो होतो. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही.

“सही माझी, चूक माझी,” ते म्हणाले. “दुसरा बनवून देतो.”

“नको. आमी तयार घेतला.”

सेक्रेटरी गेल्यावर भाईंनी विचारलं, “संपादक, पेपरात चूक छापून आली तर नाव कोणाचं जातं?”

“संपादकाचं.”

“आणि चूक करणारा?”

“तो दुसऱ्या दिवशी खुलासा लिहितो.”

भाईंनी मान हलवली आणि तार हातात घेतली. वेढे सुरू झाले की ते बोलत नसत. मीही बोललो नाही. पुढेही बोललो नाही. चहा येत राहिला, मी तो पीत राहिलो.

जूनपर्यंत आणखी तीन सोसायट्यांनी काम देणं थांबवलं. दिवाळीपर्यंत उरणचं एकही काम उरलं नव्हतं. भाई मिक्सर आणि पंख्यांच्या मोटारी गुंडाळू लागले. “मिक्सरवर कोणाचा जीव नसतो, बरं असतं,” असं एकदा म्हणाले. डिसेंबरमध्ये दुकानातच छातीत दुखू लागलं. रुग्णालयात नेईपर्यंत ते गेले होते. त्या दिवशी मी दुकानात नव्हतो.

जानेवारीत मी बसने उरणला गेलो आणि त्या सोसायटीच्या कार्यालयात सेक्रेटरींना सगळं सांगितलं. त्यांनी चष्मा काढला.

“भाई तर स्वतः येऊन बोलून गेले, मीच घाईत लावला म्हणून.”

“कधी?”

“मे महिन्यात. भर उन्हात आलेले. बोलले, पोरांची माफी मागायची हाय.” त्यांनी चष्मा परत लावला. “आणि तुमी आता आलाव.”

मी सोबत नेलेला कागद त्यांना दिला. मजकूर चार ओळींचा होता: फुटलेल्या सप्लायमध्ये चुकीचा कपॅसिटर कोणी बसवला, कोणाला न विचारता बसवला, आणि भाईंनी काय बसवायला सांगितलं होतं. खाली माझं नाव आणि सही. सेक्रेटरींनी तो दोनदा वाचला आणि बाहेरच्या फलकावर, भरती-ओहोटीच्या तक्त्याशेजारी, टाचणीने लावला. दुपारचे सव्वाबारा वाजले होते. दुसऱ्या दिवशी भाईंना जाऊन चाळीस दिवस होत होते, त्यांचा चाळिसावा होता.