उल्केच्या कणाची बैठक

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. तिकडं रोज नवी कचेरी उघडत होती आणि मी नांदेडला, एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत, मोहरीएवढा दगड टेकवायची बैठक बनवून राहिलो होतो. दगड आभाळातून पडलेला, बोट लागलं तरी भुगा होणारा. त्याच्यावर क्ष-किरण सोडायचे आणि फिल्मवरच्या ओळींवरून आतली खनिजं ओळखायची. पितळेच्या बैठकीत ठेवला तर पितळेच्याच ओळी उमटत. म्हणून मी काच तापवून केसाएवढी काडी ओढली, टोकाला बाभळीच्या डिंकाचा ठिपका दिला, त्यावर कण टेकवला. आधीचे दोन कण माझ्याच हातून गेले होते. हा शेवटचा.

बायकापोरं लातूरला. दिवसभरात माझ्याशी बोलणारे एकटे सर; दगडावरचं संशोधन त्यांचं.

फिल्म धुतली तेव्हा सर दोन ओळींवर थबकले. "या कुठल्या उल्केत पाहिल्या नाहीत हो. आपण दोघं मिळून निबंध छापू."

'आपण दोघं' ऐकून मी एवढा फुगलो की कपाळाचा घाम पुसावा लागला. रुमाल पांढरा झाला आणि माझा चेहराही. आमच्यात अंघोळीनंतर लिंगपूजा करून कपाळावर तीन बोटं विभूती ओढतात. यंदा दुष्काळ, म्हणून नंतर बोटं धुवायची चैन मी बंद केली होती. त्याच बोटांनी डिंक कालवला होता.

दोन दिवस गप्प बसलो. तिसऱ्या दिवशी नव्या काडीवर दगडाशिवाय, नुसता डिंक आणि विभूती लावून फिल्म काढली. त्याच दोन ओळी.

सगळं सांगितल्यावर सरांनी दोन्ही फिल्म उजेडाला धरल्या. "म्हणजे हे तुमचं कपाळ."

"हाव, सर."

त्यांनी छापण्यासाठी वहीत लिहिलेल्या मजकुरावर रेघ मारली. "बाकीच्या ओळी दगडाच्या आहेत. पण त्यात नवं काही नाही." चहाला ते एकटेच गेले.

रविवारी लातूरला बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "तुम्ही न सांगता राहिले असते तर कुणाला कळलं असतं?"

"कुणालाच न्हाई."

"मग आता इथल्याच कचेरीत अर्ज करा की. तिथं बोलायला कोण हाय तुम्हाला?"

सोमवारी पहिल्या एसटीनं नांदेडला आलो. कण काडीवर शाबूत होता. सर आले, मान हलवली आणि त्यांच्या खोलीत गेले. मी साबणानं हात धुतले आणि कामाला बसलो.