थेंबाची शेपटी

माझ्या सासऱ्यांना वाघाने नेलं, ही बातमी मोहर्लीत मीच पसरवली.

मी चंद्रपूरच्या एका कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवतो. (पगारही त्याचाच घेतो.) सासुरवाडीला गेलो होतो आणि दुपारी ओसरीवर जरा लवंडलो होतो. सासूबाई, म्हणजे मामी, आणि माझी बायको सुनीता शेजारी बारशाला गेल्या होत्या. जाग आली तेव्हा घर नको इतकं शांत होतं. समोरच्या जंगलात वानरं खाकरत होती, वाघ दिसल्यावर खाकरतात तशी. मी उठून बसलो आणि तीही गप्प झाली. मामाजींची, म्हणजे सासऱ्यांची, खाट रिकामी. सारवलेल्या अंगणात त्यांची एकच चप्पल पडलेली, आणि तिच्याजवळून फाटकाबाहेर, थेट जंगलाच्या दिशेला, रक्ताचे थेंब.

हाका मारल्या. उत्तर नाही. दुसरा कोणी असता तर ओरडला असता. मी उकिडवा बसून थेंब पाहू लागलो.

"काय पाहून राह्यले?" दोघी परतल्या होत्या. "बाबा कुठी आहेत?"

"हे बघ," मी सुनीताला म्हणालो. "चालत्या वस्तूतून गळलेला थेंब लांबट उमटतो. काठाला काटे आहेत, म्हणजे कमरेएवढ्या उंचीवरून पडलाय. आणि शेपटी घराकडे आहे. शेपटी मागे राहते. म्हणजे जाणारा जंगलाकडे गेला."

"जाणारा कोण?"

"कमरेएवढी उंची," मी फळ्यासमोर बोलावं तसं म्हणालो, "म्हणजे साधारण वाघाचं तोंड."

मामींनी अंगणातली ती चप्पल उचलून छातीशी धरली.

घडीभरात अर्धं गाव काठ्या घेऊन जमलं. पुढे मी. (दिशा मलाच कळत होती ना.) पायवाटेच्या धुळीत थेंबांच्या गोळ्या झाल्या होत्या. शेवटचं वावर संपलं, बांबू सुरू झाला. वारा नव्हता, तरी आत एक फांदी हलत होती. तेवढ्यात मागून कोणीतरी हळूच विचारलं,

"कोणाले नेलं हो?"

"रामदासभाऊले," एकजण मागे न पाहता म्हणाला.

मग तोच आवाज,

"मले?"

आवाज मामाजींचा होता. मागे वळायला कोणी तयार नव्हतं, मी तर नाहीच. शेवटी मामी वळल्या. मामाजी अनवाणी उभे होते. कोपरापर्यंत हात लाल, आणि हातात सुरी.

"काऊन असे पाहून राह्यले?" ते म्हणाले. "जवाईबापू आले म्हणून ह्या वावरातून कोंबडा कापून आणला. अंगणात चप्पल तुटली, तशीच टाकली. कोंबडा घमेल्यात घातला न मागच्या नाल्यावर साफ करून राह्यलो होतो. गलका ऐकला न आलो."

"म्हणजे तुम्ही इकडून घराकडे गेलात?" मी विचारलं.

"मंग कोंबडा घेऊन जंगलात जाईन का?"

थेंब ज्या दिशेला चालला असेल, त्या दिशेलाच शेपटी फुटते. मला हे माहीत होतं. परीक्षेत विचारतोही.

मामींनी मामाजींचा तो रक्ताळलेला हात धरला, तो घर येईपर्यंत सोडला नाही. माझ्याशी मात्र त्या जेवणापर्यंत बोलल्या नाहीत. पानावर बसलो. रश्शाचा एक थेंब माझ्या बोटावरून ओघळला.

"जवाईबापू," मामी म्हणाल्या, "हा कुठी चालला?"

"खाली," मी म्हणालो. तेवढ्याचीच खात्री उरली होती.