मामाचा दात आणि यंत्राचा अकरा

माझा मामा पहिल्यापासून भित्रा. कॉफीच्या वाळवणावर तीस वर्षं काढली, तरी आभाळात चिमूटभर ढग दिसला की हा ताडपत्री घेऊन धावायचा. तसं बघायला गेलं तर काम साधं. धुतलेले दाणे जाळीच्या उंच टेबलांवर पातळ पसरायचे, दर अर्ध्या तासाने हात फिरवून खालीवर करायचे, भर दुपारी झाकायचे म्हणजे वरचं टरफल तडकत नाही, आणि दव पडायच्या आत पुन्हा झाकायचे. पण मामा जेवताना घास हातात धरून दारातून आभाळ बघायचा. मामी वैतागून म्हणायची, "ढगाचं लग्न लागत नाही, जेव आधी."

त्यातून गेल्या हंगामात ओलसर माल पोत्यात गेला, बुरशी धरून परत आला. मालकीणबाई शांतपणे म्हणाल्या, "पुन्हा असं झालं तर तुम्ही घरी बसा, मामा." तेव्हापासून त्याची झोपच उडाली.

ओलावा मोजायचं यंत्र होतं, पण मामाचा भरवसा दातांवर. टरफल सोलून दाणा दाढेखाली धरायचा. टक्कन फुटला तर वाळला, दात रुतला तर अजून ओला.

एका दुपारी अचानक आभाळ भरून आलं. मामा ओरडत सुटला, वाळवणावर कामाला असलेल्या आम्ही सगळ्या धावलो. ताडपत्री अपुरी पडली आणि सातव्या टेबलाचं टोक उघडं राहिलं. मी मोठी शहाणी! तिथले दोन टोपल्या दाणे उचलले आणि झाकलेल्या आठव्या टेबलावर ओतले. सातव्यावरचा माल चार दिवसांचा, अजून ओला, आठव्यावरचा दुसऱ्या दिवशी पोत्यात जायचा. टरफलात दोन्ही सारखेच दिसतात. पाऊस काही आला नाही, म्हणून मीही काही बोलले नाही. सकाळी बायकांनी हात फिरवले आणि सगळं एकजीव झालं.

मग मामा आठव्या टेबलाशी आला. चार दाणे टक्कन फुटले. पाचव्यात दात रुतला. त्याने आणखी चावले, पुन्हा तेच. घाईघाईने यंत्र लावलं, तर ओलावा अकरा टक्के. म्हणजे माल तयार. यंत्र मूठभर दाण्यांची सरासरी सांगतं, त्यात ओले किती हे त्याला काय कळणार? मला कळत होतं.

मामाचा चेहरा पांढराफटक पडला. मला बाजूला घेऊन तो हळूच म्हणाला, "यंत्र कशाला खोटं बोलेल, पोरी? माझेच दात गेले वाटतं. तू चाव बघू."

मी चावला. दात सरळ आत गेला.

"कडक आहे," मी म्हटलं.

लिहितानाही लाज वाटते. मलाच घरी बसावं लागेल या भीतीने मी त्या माणसाला त्याच्याच दातांवर अविश्वास ठेवायला लावला.

मामाने मान हलवली आणि तडक मालकीणबाईंच्या खोलीत गेला. दारातूनच म्हणाला, "बाई, आठवं टेबल पोत्यांत भरून घ्या. आणि माझ्या जागी दुसरं माणूस बघा. मला आता ओलं-सुकं कळेनासं झालंय."

मग मात्र मला राहवेना. "मामा, थांब! सातव्याच्या दोन टोपल्या मीच आठव्यात ओतल्या. तुझे दात बरोबर होते. मी खोटं बोलले."

मालकीणबाई उठून उभ्या राहिल्या. आता मामा कानफटात देणार म्हणून मी डोळे मिटले.

काहीच झालं नाही. डोळे उघडले तर मामा मुठीतला एक दाणा सोलत होता. त्याने तो चावला, तोंडातून काढला आणि दाताची खूण असलेला तो दाणा तळहातावर धरून बाईंसमोर नेला. सगळं टेबल बिघडलं होतं, त्याची नोकरी जायची वेळ आली होती आणि हा माणूस डोळे पुसत हसत होता.

"मऊ आहे, बाई," तो म्हणाला. "बघा ना, मऊच आहे!"