पास्कल डॉक्टरांची सुट्टी

पास्कल डॉक्टर माणसाच्या डोळ्यांकडे बघून कधीच बोलत नसत. नजर थेट तोंडावर. लग्न असो, बारसं असो, समोरचा हसला की म्हणत, "वरची डावी दाढ दाखवायला ये हं." आमच्या बहरीनमध्ये रिफातल्या एका साहेबांच्या बायकोने त्यांच्या धास्तीने ओठ मिटून हसायची सवय लावून घेतली होती. डॉक्टर मूळचे वसईचे, मनामातल्या दवाखान्यात दंतवैद्य, पन्नाशी ओलांडलेले आणि एकटे.

मी त्यांच्या तावडीत सापडले ती क्रीडादिनामुळे. ईसा टाउनच्या शाळेत मी हिंदी शिकवायचे. शिक्षिकांच्या रस्सीखेचीत समोरच्यांनी जोर केला, मी तोंडावर आपटले आणि पुढचा दात मुळापासून गेला. डॉक्टरांनी तात्पुरता, काढता-घालता येणारा दात दिला. तो मेला भर वर्गात सैल व्हायचा. एकदा कविता म्हणताना टेबलावरच पडला! त्यानंतर मी तोंडावर पदर धरून शिकवू लागले. मागच्या बाकांना ऐकू जाईना. मुख्याध्यापिकाबाईंनी पुढच्या वर्षापासून ऑफिसचं काम घ्या असं सुचवलं. मला वर्गाशिवाय करमत नसे. डॉक्टरांसमोर मी रडलेच.

"कायमचा दात बसवा," मी म्हटलं.

"बसवतो. पण त्यासाठी शेजारचे दोन चांगले दात घासून बारीक करायला लागतील. त्यांचा काय गुन्हा, बाय?" मग खुर्ची जवळ ओढून म्हणाले, "तिकडे स्वीडनला हाडात टायटॅनियमचा स्क्रू घालतात. हाड त्याला आपलाच समजून धरून ठेवतं. त्याच्यावर दात. मला येत नाय. शिकायला पायजे."

मला वाटलं, माझी समजूत काढतायत.

पुढे बातमी आली, डॉक्टर सुट्टीवर निघाले. आमच्यात सुट्टीवर जाणारा म्हणजे मुंबईला जाणारा, आणि त्याच्या सामानात सगळ्यांची पार्सलं. विचारायची पद्धतच नव्हती. ब्लँकेटं आली, दूध पावडर आली, तुबलीच्या गॅरेजमधल्या एकाने भावासाठी टेपरेकॉर्डर आणून ठेवला. डॉक्टरांना नाही म्हणता येईना. मी साबणाच्या वड्या घेऊन गेले तर ते त्या ढिगाऱ्यात तिकीट धरून बसलेले.

"बाय, स्वीडनला कुणाची बहीण राहते का बघ," ते म्हणाले.

वर्षाची मिळणारी महिनाभराची सुट्टी आणि गाठीशी असलेलं सगळं त्यांनी त्या शिक्षणात घातलं होतं. वसईत आई वाट बघत होती. "माय रुसलीय. बोलेल. तिची कवळी मीच केलीय," एवढंच म्हणाले. पार्सलं परत पोचवायचं काम मी अंगावर घेतलं.

परत आले ते स्क्रू घेऊनच.

"पहिली मीच?" मी घाबरून विचारलं.

"पहिली तूच. भीती दोघांना सारखीच. यल्ला, चल, तोंड उघड."

मग महिनोन्‌महिने थांबायचं होतं. "हाडाला घाई नसते. आणि चिक्की मी सांगेन तेव्हाच," ते बजावत. त्या दिवसांत ते पुढचं बोलायचे. उद्या दाताचं माप फोटोतून घेतील, मशीन दात कोरेल. "आणि परवा दात परत उगवतील, इंशाल्ला. मुशीला, म्हणजे शार्कला, समुद्रात जन्मभर नवे येतात, मग आपण काय पाप केलं?" हे सांगताना त्यांचा चेहरा असा उजळायचा की मलाही खरं वाटायचं.

शाळेचं वर्ष संपायच्या आत दात बसला. पदर खांद्यावर टाकून मी कविता म्हटली, तेव्हा मागच्या बाकावरून तक्रार आली, "मॅम, टू लाउड!" त्या दिवशी मी वर्गात मनसोक्त हसले. ऑफिसचा विषय पुन्हा निघाला नाही.

काही वर्षांनी डॉक्टर कायमचे वसईला निघाले. या वेळी खरंच मुंबईचं विमान होतं, त्यामुळे पार्सलांना ऊत आला होता. मी फक्त चिक्की घेऊन विमानतळावर गेले.

"खा. आता परवानगी," ते म्हणाले.

मी पुढच्या दातांनी कडकन तुकडा तोडला. दात जागचा हलला नाही. डॉक्टर माझ्याकडे बघत राहिले, पण तोंडाकडे नाही.

"घारे डोळे आहेत की गं तुझे," ते म्हणाले. "इतक्या वर्षांत बघितलेच नाय."