नैवेद्याआधीचे मोदक

हळदीच्या पानांवर मोदक उकडायला लागले की तो वास दोन घरांमधला दगडी गडगा ओलांडून आमच्या स्वयंपाकघरात येतो, आणि माझं डोकं अजून तापतं. आम्ही ख्रिस्ती, मूर्तीला दाखवलेलं खात नाही, हे शेजारच्या काकूंना ठाऊक होतं. म्हणून दर चतुर्थीला त्या आमचे मोदक नैवेद्याच्या आधीच बाजूला काढायच्या. स्वतः सकाळपासून उपाशी, देवाचं पान वाढायचं बाकी, आणि आमचं ताट मात्र तयार! एका वर्षी आमच्याकडे चर्चचे पाळक आले होते. काकू ताट देत म्हणाल्या, "आधीच काढलेत हां, देवाला दाखवायचेत अजून." बाबांनी हसून ताट घेतलं, काकूंची पाठ वळताच फणसाखाली कावळ्यांपुढे रिकामं केलं आणि पाळकांकडे बघत म्हणाले, "मूर्तीसाठी रांधलेलं ते मूर्तीचंच." तेवढ्यात काकू हातात वाटी घेऊन परत आल्या. फणसाखाली बघून एवढंच म्हणाल्या, "तूप द्यायचं राहिलं होतं," आणि वाटी गडग्यावर ठेवून निघून गेल्या. मी बाबांवर ओरडले, "शेजाऱ्यावर प्रीती करा म्हणून दर रविवारी चर्चमध्ये कोणाला सांगता?" "देवापुढे शेजारी मोठा नाही," बाबा म्हणाले. त्या बाईनं तर आमच्यासाठी आपल्या देवाला थांबवलं होतं! मी आजही प्रभूचं नाव घेऊनच घास उचलते. बाबांचा तो देव मात्र मी त्याच दिवशी सोडला. यंदा वास आला तशी गडग्यापाशी गेले आणि काकूंना सांगितलं, "आधी तुमच्या देवाला दाखवा, आमचे मग द्या."