शिंपीकाकांची पारख

शिंपीकाकांच्या सासूबाईंची चाकांची खुर्ची आतल्या दारातून जाईना, म्हणून त्यांच्यासाठी एक खोली वाढवायची होती. पण नकाशा काढायला येईल त्याचे काका आधी कपडेच बघत. एकाचा खांदा उतरलेला, दुसऱ्याची कॉलर वाकडी, दोघांनाही नारळ!

“अहो, खोली बांधायचीय की जावई शोधताय?” काकू कडाडल्या. “माझी आई बैठकीतच झोपणार का जन्मभर?”

तिसरी आली एक मुलगी, एक बाही चक्क आखूड! काकूंनी देवाचा धावा केला. मुलीने मात्र भिंतींआधी सासूबाईंचंच माप घेतलं, खुर्चीत बसल्या जागी, या कोपरापासून त्या कोपरापर्यंत.

काका विरघळलेच. “कापडाआधी अंगाचं माप! नकाशा हीच काढणार.”

“मग जावईबापू,” सासूबाई म्हणाल्या, “माप तिनं घेतलं, आता कात्रीही तिच्याच हातात राहू द्या.”